गुराबेची लहान प्रतिकृति : एका चुकीची दुरुस्ती

जुन्या लढाऊ जहाजांच्या लहान प्रतिकृति करण्याचा छंद आपल्याकडे हल्लीं वाढत आहे, आणि तो आम्हांसहि जडलेला आहे. कागदपत्रांचा शोध करणाऱ्या विद्वानांपुढें सुतारकामाची हकीकत कशासाठीं, असा आक्षेप कोणी घेईल. त्याला आमचें उत्तर एवढेंच कीं, आमच्या हातून घडलेली एक चूक पुराव्याच्या रूपानें फिरूं लागली आहे, आणि ती जेथें पुरावा म्हणून दाखल होण्याचा संभव आहे तेथेंच ती कबूल करणें आम्हांस प्राप्त आहे.

१९९४ सालीं आम्ही शाळेंत संस्कृत शिकवीत असतां, संमेलनाच्या प्रदर्शनासाठीं एका वृद्ध सुताराच्या साह्यानें आंग्र्यांच्या आरमारांतील तीन डोलकाठ्यांची एक गुराब तयार केली. मुलें खूष झालीं, वडील मंडळींनीं वाहवा केली, आणि ती गुराब कांचेच्या कपाटांत जाऊन बसली. पुढें एका स्मरणिकेंत तिचें छायाचित्र 'जुन्या मराठी गुराबेचा नमुना' या शीर्षकाखालीं आलें. गेल्या वर्षीं एका संग्राहक स्नेह्यांनीं तेंच चित्र आमच्याकडे पाठवून विचारलें कीं, गुराबेच्या मुखाशीं सिंहाचें मस्तक दिसतें, तर भोजराजाच्या ग्रंथांतील नौकाविधि आंग्र्यांच्या काळापर्यंत चालत होता असें म्हणावें काय? तो सिंह आम्हींच बसविला होता! पोथीच्या भाषेंत बोलावयाचें तर तो शुद्ध क्षेपक होय, आणि क्षेपककार अद्याप जिवंत आहे.

प्रतिकृतीलाहि पुराव्याची योग्यता येऊं शकते, हें मात्र खरें. इंग्लंडांत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सरकारी लढाऊ जहाजांचे लांकडी नमुने बहुधा फुटास पाव इंच, म्हणजे १:४८ या मानानें करीत. त्यांचा खालचा भाग पुष्कळदां फळ्यांनीं न झांकतां आंतील फांसळ्या उघड्या ठेवीत, त्यामुळें जहाजाची बांधणी डोळ्यांना दिसते. असा नमुना जहाजाचा समकालीन असल्यामुळें तो मूळ प्रतीच्या पंक्तीला बसतो. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडांत कैदेंत पडलेल्या फ्रेंच शिपायांनीं जेवणांतल्या हाडांपासून जहाजें केलीं, तींहि समकालीनच. पण विकण्यासाठीं केलेलीं असल्यानें त्यांत शोभा पुष्कळ व प्रमाण थोडें. आमच्यासारख्यांनीं अडीचशें वर्षांनंतर केलेली गुराब ही मूळ प्रत नव्हे, नक्कलहि नव्हे; फार तर ती टीका होय. टीकाकारानें आपला शब्द मुळांत घुसडला म्हणजे काय अनर्थ होतो हें पोथ्या हाताळणाऱ्यांना सांगावयास नको.

आतां हा सिंह आला कोठून तें सांगतों. भोजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' ग्रंथांत नौकांचें प्रकरण आहे. त्यांत नावेच्या मुखाशीं सिंह, महिष, सर्प, हत्ती, व्याघ्र इत्यादींचीं मुखें बसवावीं असें सांगितलें आहे, आणि ज्या नावेचें मंदिर पुढील भागीं असतें ती 'अग्रमंदिरा' युद्धास योग्य मानली आहे. संस्कृताच्या माणसाला याहून अधिक मोह तो कोणता? पण आम्ही दोन गोष्टी विसरलों. भोज अकराव्या शतकांतला, तुळाजी आंग्रे अठराव्यांतला. दुसरें असें कीं, त्या ग्रंथांतील मापें समुद्रावर कधीं तरंगलीं असतील कीं नाहीं याचीच शंका आहे. 'मंथरा' नौका १२० हात लांब, ६० हात रुंद व ६० हात उंच सांगितली आहे, म्हणजे उंची रुंदीइतकीच आणि लांबीच्या निम्मी. त्या प्रमाणाची एक वीतभर पोकळ नौका करून आम्हीं ती हौदांत सोडली. रिकामी सोडली कीं ती आडवी होई. तळाशीं खडे भरून निम्मी बुडविली तेव्हां कोठें उभी राहिली. ग्रंथकारासहि कांहीं नौका अशुभ वाटतातच. तात्पर्य, तो ग्रंथ वर्गीकरणाचा व शुभाशुभाचा आहे. त्यावरून तासणी हातीं घेणें ही आमची चूक होय.

एकसर येथील वीरगळांचा मोह मात्र आम्हीं टाळला, एवढें पुण्य पदरीं आहे. बोरिवलीजवळच्या त्या शिळांवर समुद्रयुद्ध कोरलें आहे. नौका एकेका डोलकाठीच्या व वल्ह्यांच्या रांगांच्या आहेत. हा पुरावा अस्सल, पण शिलाहारांच्या काळचा. गुराबेला तो लागू नाहीं.

मग गुराबेविषयीं खरें साधन कोणतें? सभासदाच्या बखरींत गुराबा, तरांडीं, तारवें, गलबतें, शिबाडें, पगार अशीं नांवें येतात, परंतु नांवावरून फळी कापतां येत नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रां'त गुराबा फार थोर नाहीं व फार लहान नाहीं अशा मध्यम असाव्या, वाऱ्यावांचून हालणार नाहीं असें अवाढव्य जहाज करूं नये, असें धोरण आहे. आमच्या गुराबेचे तीन मजले व पिछाडीची खिडक्यांची शोभिवंत माडी या एका वाक्यापुढेंच कोसळतात. ती माडी आम्हीं इंग्रजी जहाजांच्या चित्रांवरून उचलली होती. मुंबईच्या गोदींत १८१७ सालीं वाडिया घराण्यांतील जमशेटजींनीं मलबारी सागाचें बांधलेलें 'ट्रिंकोमाली' जहाज आज इंग्लंडांत हार्टलपूल येथें उभें आहे. पण तें मुंबईच्या गोदीचा साक्षी, वाघोटणच्या खाडीचा नव्हे.

सर्वांत उपयुक्त वर्णन परक्यानेंच लिहून ठेविलें आहे. रॉबर्ट ऑर्म हा विजयदुर्गच्या मोहिमेच्या वेळीं मद्रासच्या कौन्सिलांत होता, व त्याच्या इतिहासाचा पहिला खंड १७६३ त निघाला. तो सांगतो कीं, गुराबेला बहुधा दोन, क्वचित् तीन डोलकाठ्या असत. तीन डोलकाठ्यांची सुमारें ३०० टनांची, दोहोंची १५० टनांपर्यंत. लांबीच्या मानानें ती फार रुंद, पाण्यांत थोडीच बुडणारी, आणि मध्यापासून पुढें निमुळती होत गेलेली. पुढें भूमध्य समुद्रांतील गलेरीसारखी लांब चोंच असे. या चोंचीवरचा डेक मुख्य डेकाच्या पातळींत, पण मध्यें आडवी भिंत. आणि चोंचीला कठडे मुळींच नसत, कारण समोरच्या लाटेंत नाळ जोरानें आपटे व वर चढलेलें पाणी विनाअडथळा निघून जावें लागे. त्या आडव्या भिंतीला भोंकें पाडून नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा चोंचीवरून समोर मारा करीत.

हें वाक्य आम्हीं १९९४ पूर्वीं वाचलें नव्हतें असें नाहीं. वाचलें होतें, पण पाहिलें नव्हतें. तें पाहिलें एका जुन्या विद्यार्थ्यानें. कपाट उघडून त्यानें विणकामाची एक सुई तोफेच्या भोंकांतून सरळ पुढें सारली, ती कठड्याला अडली. दुसरी सारली, ती थेट सिंहाच्या मानेंत! "गुरुजी, पहिल्याच गोळ्याला आपलाच सिंह जाईल," असें तो म्हणाला. आमच्या सगळ्या पांडित्याला त्या सुईनें छिद्र पाडलें. प्रतिकृति करण्याचा खरा लाभ आम्हीं हाच समजतों: वाचतांना जी विसंगति डोळ्याआड होते ती लांकडांत लपत नाहीं.

लांबीचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण ऑर्म टन देतो, फूट देत नाहीं. ते टन त्या काळच्या इंग्रजी जहाज-मापाचे धरले तर रीत अशी: लांबींतून रुंदीचे तीन पंचमांश वजा करावे, बाकीस रुंदीनें व पुन्हा अर्ध्या रुंदीनें गुणावें, आणि ९४ नीं भागावें. रुंदी २८ फूट धरली तर ३०० टनांस लांबी सुमारें ८९ फूट येते. रुंदी ३० धरली तर सुमारें ८१. पाव इंची मानानें हा फरक दोन इंचांचा पडतो, आणि बावीस इंचांच्या गुराबेंत दोन इंच म्हणजे जहाजाचा सारा चेहरा. आम्हीं नव्या गुराबेंत ८१ चा अंगीकार केला, तो 'फार रुंद' या शब्दावर भिस्त ठेवून. अधिक आधार नाहीं.

चित्रांकडे वळावें तर विजयदुर्गच्या दहनाचें डॉमिनिक सेर्सचें चित्र प्रसिद्ध आहे. तें १७७१ चें, आणि चितारी त्या लढाईंत हजर नव्हता. फेब्रुवारी १७५६ त वॉटसन व क्लाइव्ह यांच्या तोफखान्यानें तुळाजीचें आरमार बंदरांत जळून गेलें. पेशव्यांची फौज त्या वेळीं इंग्रजांच्या बाजूस होती, हें लिहितांना आजहि लेखणी अडखळते. जें जळालें त्यांतलें एकहि जहाज पुन्हा मोजतां येणार नाहीं. सोल्विन्सच्या कोरीव चित्रांत गुराब आहे, पण ती तुळाजीच्या पाडावानंतर एका पिढीनें बंगाल्यांत पाहिलेली.

छंदी लोकांसाठीं दोन शब्द. मोठ्या जहाजाला साग उत्तम, पण लहान प्रतिकृतीला नव्हे. त्याची रेघ जाड, पाव इंची मानांत ती दोरखंडाएवढी दिसते. हेदूचें लांकूड बारीक रेघेचें व कापण्यास सुलभ. सुतारानें आम्हांस फणस सुचविला होता. पण अमात्यांनीं आरमाराच्या कामासाठीं देखील रयतेच्या आंब्याफणसास हात लावूं नये असें लिहिलें आहे, तेव्हां वीतभर गुराबेसाठीं तो मोडावा हें मनास येईना. इंचभर जाडीचा दोर या मानांत अर्ध्या मिलिमीटरचा होतो. बाजारी सुतळी लावली कीं सारी गुराब साखळदंडानें जखडल्यासारखी दिसते. आणि साडेपांच फूट उंचीचा एक खलाशी, म्हणजे दीड इंचाहून कांहींसा कमी, कागदाचा कां होईना, अगोदर करून ठेवावा. आमच्या पहिल्या गुराबेच्या दारांतून तो रांगत देखील आंत जाईना.

शाळेच्या अनुमतीनें जुनी गुराब आम्हीं परत आणली आहे. सिंह काढला, कठडे काढले, माडी उतरविली. बैठकीवर आतां 'ऑर्मच्या वर्णनावरून कल्पिलेली. लांबी अनुमानानें' अशी पाटी आहे. जुनें छायाचित्र ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं त्याच्या पाठीवर 'सिंह अर्वाचीन, १९९४' एवढें लिहावें, ही विनंति. दुसरी विनंति दप्तरें बाळगणाऱ्यांस: किनाऱ्यावरील घराण्यांच्या रुमालांत आरमाराच्या कारखान्याचे जमाखर्च आढळल्यास, लांकूड, खिळे, काथ्या व शिडाचें कापड यांचीं कलमें क्षुद्र म्हणून गाळूं नयेत. एका डोलकाठीची लांबी हातांत दिलेली सांपडली तर आमचे ८१ फूट खरे कीं ८९, याचा निकाल लागेल. आणि ८९ निघाले तर ही गुराबहि आम्ही पुन्हा मोडूं.