मालक तसं कुत्रं? शंभर वर्षांची एक शोधकथा

आजचा भाग कुत्र्यांवर आहे, पण खरं सांगायचं तर तो माणसांवर जास्त आहे. घरी कुत्रं असेल तर ऐकाच. नसेल तरीही ऐका, कारण या गोष्टीत एक गणित करणारा घोडा आहे, नोबेल मिळालेला एक शास्त्रज्ञ आहे आणि वास घेऊन माल शोधणारी पोलिसी कुत्रीही आहेत.

'आमचा ब्रूनो जरा रागीटच आहे हं.' 'आमची चिनू ना, भयंकर घाबरट.' अशी वाक्यं मी सोसायटीच्या लिफ्टमध्ये रोज ऐकते. म्हणजे स्वभाव कुत्र्याचा आणि दोषही कुत्र्याचा. मग त्याला ओरडा, बांधून ठेवा, ट्रेनर बोलवा. आणि काहीच जमलं नाही की काही लोक गाडीत घालून त्याला लांब कुठेतरी सोडूनही येतात. म्हणून हा प्रश्न गमतीचा नाही. कुत्र्याच्या वागण्यात कुत्र्याचं किती असतं आणि आपलं किती?

सुरुवात घोड्यापासून करू. साल १९०४, शहर बर्लिन. विल्हेल्म फॉन ओस्टन नावाचे एक निवृत्त गणित शिक्षक होते. त्यांचा हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा. 'पाच अधिक तीन किती?' असं विचारलं की पठ्ठ्या खूर आपटायला लागायचा आणि बरोबर आठव्या टापेला थांबायचा. बघायला गर्दी लोटायची. लबाडी असेल म्हणून तज्ज्ञांची समिती नेमली. सप्टेंबरमध्ये समितीने सांगितलं, यात काही लबाडी दिसत नाही. आणि ते खरंच होतं. ओस्टन गुरुजी कुणालाही फसवत नव्हते.

मग ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या संशोधकाने एक साधी युक्ती केली. प्रश्न अशा माणसाला विचारायला लावला, ज्याला स्वतःलाच उत्तर माहीत नाही. झालं, हान्सचं गणित गडबडलं! डोळ्यांना झापडं लावली, विचारणारा दिसेनासा झाला, तेव्हाही तेच. मग फुंग्स्टने घोडा सोडून माणसांकडे बघायला सुरुवात केली. प्रश्न विचारला की माणूस खुराकडे बघायला किंचित पुढे वाकायचा. बरोबर आकडा आला की त्याचं डोकं अगदी बारीकसं, नकळत वर व्हायचं. हान्स त्या क्षणी थांबायचा.

पुढचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. हे गुपित कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःची ती हालचाल थांबवता येईना. मग त्याने प्रयोगशाळेत स्वतःच घोड्याची भूमिका घेतली. समोरच्याने मनात आकडा धरायचा आणि फुंग्स्टने टकटक करायची. २५ जणांपैकी फक्त दोघांच्या शरीराने आकडा फोडला नाही. म्हणजे आपण सगळेच सतत काहीतरी सांगत असतो. आपल्याला पत्ता नसतो, पण जनावराला असतो.

आता त्याच काळातल्या रशियात जाऊ, सेंट पीटर्सबर्गला. १९०४ मध्येच इव्हान पावलोव्ह यांना नोबेल मिळालं, पचनावरच्या कामासाठी. शाळेत आपण 'घंटा वाजली, कुत्र्याची लाळ गळली' एवढंच शिकतो. पण या सगळ्याची सुरुवात एका कटकटीतून झाली होती. लाळ मोजायची होती अन्न दिल्यावर, आणि कुत्र्यांना ती आधीच सुटायची. खाणं आणणाऱ्या माणसाची नुसती चाहूल लागली तरी पुरे.

पावलोव्हना घंटेचा परिणाम मोजायचा होता, पण खोलीत माणूस असला की कुत्रं घंटेइतकंच त्या माणसाकडेही लक्ष द्यायचं. त्याचं हलणं, खोकणं, श्वास, सगळं मोजमापात मिसळायचं. उपाय काय केला असेल? चक्क इमारत बांधली! जाड भिंती, बाहेरचा आवाज आणि हादरे येऊ नयेत म्हणून भोवती खंदक, आणि प्रयोग करणारा माणूस कुत्र्यापासून वेगळ्या खोलीत. लोक तिला 'शांततेचा मनोरा' म्हणायचे. जरा विचार करा, कुत्र्याच्या डोक्यातून माणूस बाहेर काढायला एवढं बांधकाम लागलं.

पावलोव्हकडे शिकलेला एक अमेरिकन डॉक्टर होता, हॉर्सली गँट. त्याने परत जाऊन बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये स्वतःची प्रयोगशाळा काढली आणि प्रश्न उलटा केला. माणूस अडथळा ठरत असेल तर त्या अडथळ्याचाच अभ्यास का करू नये? त्याने नाव दिलं, 'माणसाचा परिणाम'. कुत्र्याच्या हृदयाचे ठोके मोजले. माणूस खोलीत आला की ते बदलायचे, आणि कुरवाळलं की खाली यायचे. विजेच्या झटक्याची सूचना देणारा आवाज आला की कुत्र्याचं हृदय धडधडायचं. पण त्याच वेळी कुणी त्याला कुरवाळत असेल तर ही धडधड बरीच कमी व्हायची. आज असले प्रयोग ऐकून अंगावर काटा येतो. पण त्यातून एक गोष्ट नक्की झाली. आपला हात कुत्र्याच्या थेट काळजापर्यंत पोहोचतो, आणि हे बोलायची पद्धत म्हणून सांगत नाहीये, मोजून सांगतेय.

आता एकदम आपल्या काळात येऊ. सोफा फाटलाय, चप्पल चावलीय, आणि कुत्रं कान पाडून, मान खाली घालून बसलंय. 'बघा, चूक केली ते कळतं त्याला!' असले व्हिडिओ तुम्हीही फॉरवर्ड केले असतील. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी १४ पाळीव कुत्र्यांवर हे तपासलं. मालकाने 'हे खायचं नाही' असं बजावून खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर त्याला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. म्हणजे कधीकधी कुत्र्याने काहीच खाल्लेलं नसताना मालक ओरडला. निष्कर्ष काय? तो 'अपराधी' चेहरा गुन्ह्यामुळे येत नव्हता, मालकाच्या ओरडण्यामुळे येत होता. उलट, निर्दोष कुत्र्यांना ओरडा बसला तेव्हा तो चेहरा जास्त दिसला. ज्याला आपण कबुलीजबाब समजतो, ती आपल्याच रागाला घाबरून केलेली विनवणी असते.

घरात असं झालं तर फार तर बिचाऱ्या कुत्र्यावर अन्याय होतो. पण कुत्र्याच्या नाकावर एखाद्या माणसाची झडती अवलंबून असेल तर? २०११ मध्ये कॅलिफोर्नियात लिसा लिट आणि सहकाऱ्यांनी अमली पदार्थ आणि स्फोटकं हुडकणाऱ्या १८ कुत्र्यांची, त्यांच्या हँडलरसकट, चाचणी घेतली. जागा होती एक चर्च. हँडलरना सांगितलं की आत वास लपवलाय, काही ठिकाणी लाल कागद लावून खूण केली आहे. प्रत्यक्षात आत काहीच नव्हतं! म्हणजे बरोबर उत्तर एकच, 'इथे काही नाही'. १४४ वेळा शोध घेतला, त्यातल्या फक्त २१ वेळा ते उत्तर मिळालं. बाकी प्रत्येक वेळी हँडलरने 'सापडलं' असं कुठे ना कुठे जाहीर केलं, आणि लाल कागदाजवळ तर जास्तच. कुत्र्याने खरंच तसा इशारा केला की हँडलरला तसा दिसला, हे त्या प्रयोगातून वेगळं करता येत नाही. पण दोन्हीकडे मूळ एकच, हँडलरच्या मनातली खात्री. बर्लिनच्या अंगणातला हान्स इथे परत भेटतो, फक्त या वेळी पणाला कुणाची तरी सुटका लागलेली असते.

बरं, हे फक्त इशाऱ्यांपुरतं आहे का? नाही. २०१९ मध्ये स्वीडनच्या लिंशॉपिंग विद्यापीठात ५८ कुत्री आणि त्यांच्या मालकिणी यांच्या केसांतलं कॉर्टिसॉल मोजलं. हे ताणाचं हॉर्मोन, केसांत साठतं, त्यामुळे काही महिन्यांचा हिशोब मिळतो. मालकीण जितकी ताणात, तितकं तिचं कुत्रंही ताणात, असं दिसलं. आणि मालकिणीच्या स्वभावाचा संबंध कुत्र्याच्या ताणाशी जास्त लागला, कुत्र्याच्या स्वतःच्या स्वभावाचा कमी. मात्र ही सगळी मेंढपाळी जातींची कुत्री होती, म्हणजे पिढ्यान् पिढ्या माणसाकडे बघून काम करायला निवडलेली. पुढे त्याच गटाने इतर काही जाती तपासल्या, त्यांत असा मेळ दिसला नाही. म्हणजे सगळंच मालकावर ढकलायचं कारण नाही. जात, लहानपण, आजारपण हेही असतंच.

हा ताण पोहोचतो तरी कसा? एक वाट नाकातून जाते. २०२२ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात ३६ जणांना ९००० पासून १७-१७ वजा करत उलटं मोजायला लावलं. (करून बघा, घाम फुटेल!) आधीचा आणि नंतरचा घाम आणि श्वास शिकवलेल्या चार कुत्र्यांना हुंगायला दिला. त्यांनी सुमारे ९४ टक्के वेळा ताणातला नमुना बरोबर ओळखला. तेव्हा 'मी चेहऱ्यावर काही दाखवत नाही' म्हणणाऱ्यांनो, उपयोग नाही.

आणि हे फक्त महागड्या ब्रीडचं आहे असं समजू नका. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्र यांचा गट आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतो. अनोळखी माणसाने बोटाने दाखवलं तर कळतं का, हे त्यांनी तपासलं. बरीच कुत्री घाबरून जवळच आली नाहीत. जी आली, त्यातल्या सुमारे ८० टक्के कुत्र्यांनी बोट बरोबर ओळखलं. कुणी शिकवलेलं नाही, कुणी पाळलेलं नाही. आणि जी आली नाहीत, त्यांनी माणसाकडून आधी काय अनुभवलं असेल, ते तुम्हीच ठरवा.

मग करायचं काय? एक छोटा प्रयोग सुचवते. पुढच्या वेळी समोरून दुसरं कुत्रं येताना दिसलं की आपल्या हाताकडे बघा. आपणच आधी पट्टा आवळतो, श्वास धरतो, पावलं थबकतात. आपल्या ब्रूनोला एवढंच कळतं की समोर काहीतरी भयंकर आहे. मग तो भुंकतो आणि आपण म्हणतो, रागीट आहे. आठवडाभर पट्टा सैल धरून, शांत आवाजात 'चल' म्हणून बघा. बेल वाजली की दाराकडे धावत सुटू नका, सावकाश उठा. आणि कुत्रं अचानक चिडचिडं झालं असेल तर आधी व्हेटकडे न्या, कारण दुखणंही असंच दिसतं. तिथे सगळं ठीक निघालं, तर मात्र घरात गेल्या काही महिन्यांत काय काय घडलं, याचा एकदा विचार करा.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या घरातल्या ब्रूनोला, चिनूला माझ्याकडून कानामागे खाजवा. भेटूया पुढच्या भागात!