माळवदाची फांदी, भिंतीची फांदी

एखादी रचना कोसळली की आपण एकच अपराधी शोधू लागतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा परिसर हादरला. गणेश विसर्जन आटोपून निजलेली हजारो माणसे आपापल्या घरांखालीच गाडली गेली. अपराधी ठरला तो दगड. दगडी घरावरचा अनेकांचा विश्वासच उडाला. हा निवाडा आम्हाला अपुरा वाटतो.

१९६२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत, मिनिटमन क्षेपणास्त्राच्या प्रक्षेपण-यंत्रणेसाठी, अपयशाचा वृक्ष मांडण्याची पद्धत सिद्ध झाली. शेंड्यावर अनर्थ आणि खाली कारणांच्या फांद्या. यातली एखादी फांदी सुटी काढून तपासता येते. अट एवढीच, की तिचे कोणतेही मूळ दुसऱ्या फांदीत शिरलेले नसावे.

नांदेड-लातूरकडील जुने माळवदी घर या वृक्षावर मांडून पाहू. पहिली फांदी छताची: लाकडी खांब-तुळयांवर मातीचा जाड थर, कुठे कुठे दोन फुटांहून अधिक. दुसरी भिंतीची: चिखलात रचलेल्या दगडांचे दोन पदर, मध्ये कपच्यांची भर, दोन्ही पदरांना बांधणारे आरपार लांब दगड बहुधा नाहीतच. धरणी हलली तेव्हा पदर विलग झाले आणि भिंत फुगून ढासळली. काही घरांत खांब आणि छत उभेच राहिले; जीव घेतला तो भिंतींनी. म्हणजे दोष दगडात नव्हता, दगडादगडांतील न जुळलेल्या नात्यात होता.

पण या दोन फांद्या खरोखर सुट्या आहेत काय? पावसाळ्यात माळवद गळते. गळती थांबवण्यासाठी वर मातीचा नवा थर चढतो आणि भार वाढतो. तेच पाणी भिंतीत मुरून चिखलाची पकड सैल करते. पाऊस हे दोन्ही फांद्यांचे मूळ आहे. भूकंपही दोहोंना एकाच क्षणी हलवतो. सुटे सुटे तपासलेले निर्दोष ठरले, तरी घर निर्दोष ठरत नाही.

पुढे दुरुस्तीच्या कामांत आरपार दगड बसवणे, माळवदाची माती कमी करणे, खांब-तुळयांना तिरके आधार देणे, हे उपाय सुचवले गेले. उपाय साधेच होते. ते आधी का सुचले नाहीत? कारण तोवर भूकंपाच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ साली तो पट्टाच रद्द झाला. वृक्ष मांडण्यापूर्वीच त्याची एक फांदी छाटली गेली होती, आणि घाव नेमका तिथूनच आला.