दोष हाताचा की खटक्याचा?

एखादी चूक घडली की आपण आधी माणूस शोधतो. तो सापडला की चौकशी संपते. ही सवय किती महाग पडते, ते आज आपण लहान खासगी विमानांच्या चाकांच्या इतिहासातून पाहू.

उड्डाणानंतर चाकं आत ओढून घेतली की हवेचा विरोध कमी होतो आणि वेग वाढतो. १९४७ साली बाजारात आलेल्या बीचक्राफ्ट कंपनीच्या बोनान्झातही खासगी मालकाला ही सोय मिळाली. पण जे मिटता येतं ते उघडायला विसरताही येतं. वैमानिक चाकं न सोडताच उतरतो आणि विमान पोटावर घासत जातं. दुसरी तऱ्हा आणखी चमत्कारिक आहे. विमान नीट उतरतं, धावपट्टीवर धावत असतं, वैमानिक फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या झुकत्या फळ्या, वर घ्यायला जातो आणि चाकंच मिटतात!

हा दुसरा प्रकार महायुद्धात बी-१७ या बॉम्बफेकी विमानांत वारंवार घडला होता. निदान ठरलेलं होतं : वैमानिकाची चूक. अल्फोन्स चॅपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने मात्र वैमानिकाऐवजी त्याच्या समोरची फळी पाहिली. चाकांचा आणि फ्लॅपचा खटका शेजारी-शेजारी, अगदी जुळ्या भावांसारखे. सी-४७ विमानात ते तसे नव्हते, आणि तिथे ही चूकही होत नव्हती. चॅपानिसने एका खटक्याला चाकाचा आकार दिला, दुसऱ्याला फळीचा. आता हात न पाहताही ओळखू लागला.

इथे गोष्ट संपायला हवी होती ना? संपली नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाला १९८० साली बोनान्झा, बॅरन आणि इतर लहान विमानांतल्या अशाच अपघातांवर खास अहवाल काढावा लागला. खटक्यांच्या जागा इतर विमानांच्या उलट असणं, आकारात पुरेसा फरक नसणं, आडकाठी नसणं, असे मांडणीचे दोष त्यात दाखवले गेले. एका विमानात शिकलेला हात दुसऱ्या विमानात दगा देत होता. महायुद्धात मिळालेलं ज्ञान खासगी विमानापर्यंत पोचायला इतकी वर्षं लागली, कारण 'वैमानिक विसरला' हे उत्तर तयारच होतं.

मग विसरण्याची सोयच काढून टाकावी का? पायपर कंपनीने ॲरो विमानात तेही करून पाहिलं. वेग आणि इंजिनाचा जोर कमी झाला की चाकं आपोआप खाली यायची. पण इंजिन बंद पडलं तर? तेव्हा लांबवर तरंगत जायचं असतं, आणि बाहेर आलेली चाकं विमानाला मागे ओढतात. वैमानिकाला ही यंत्रणा रोखता येत असे. पण त्या घाईत ते आठवायला हवं! म्हणजे विसरण्यावरचा इलाजही आठवणीवरच टेकलेला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीनेच ही यंत्रणा बंद करण्याचा सल्ला दिला.

आज सिरस एसआर-२२ सारखी वेगवान विमानंही स्थिर चाकांची असतात. वेगाचा थोडा तोटा सोसायचा आणि एक काळजी कायमची मिटवायची, हा त्यामागचा हिशेब.

याचा अर्थ वैमानिकाची जबाबदारी संपली असा नाही. उतरण्यापूर्वी तीन हिरवे दिवे पाहणं त्याचंच काम आहे. आपलं म्हणणं एवढंच, की एकच चूक वेगवेगळी, चांगली शिकलेली माणसं पुनःपुन्हा करतात, तेव्हा 'कोण चुकला' एवढं विचारून भागत नाही. 'त्याच्या हातासमोर काय ठेवलं होतं' हेही विचारावं लागतं. दवाखान्यातल्या एकसारख्या दिसणाऱ्या औषधांच्या बाटल्यांनाही हाच प्रश्न लागू पडतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.