चुलीजवळचे शिक्षण आणि शब्दपरंपरा

पूर्णा-नांदेड लोहमार्गावरील चुडावा हे परभणी जिल्ह्यातील गाव गोदावरीच्या खोऱ्यात, ज्वारीच्या प्रदेशात वसले आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. संस्थानच्या कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. अशा परिस्थितीत धान्य, भांडी व माप यांविषयीची मराठी परिभाषा मुलांना मिळे ती मुख्यतः चुलीजवळ. त्यामुळे मुलांना स्वयंपाकात हाताशी घेण्याची प्रथा म्हणजे केवळ घरकामातील मदत नव्हे. शब्द पुढच्या पिढीस सोपविण्याची ती एक व्यवस्था होती.

या शिक्षणातील क्रम क्रियापदांवरून स्पष्ट होतो. निवडणे, पाखडणे, चाळणे, मळणे, थापणे, भाजणे ही धान्यापासून भाकरीपर्यंतची वाट आहे, आणि स्थूलमानाने मुलाच्या वाढत्या वयाचीही. खडे निवडण्यास बोटे व नजर पुरतात. विस्तवाशी गाठ अखेरीस पडते. ज्वारीच्या पिठात गव्हाच्या पिठाचा चिवटपणा नसतो. म्हणून ते कढत पाण्यात भिजवून मळावे लागते व भाकरी हाताने थापावी लागते. पीठ जुने झाल्यास त्याची ‘विरी’ जाते आणि भाकरीच्या कडा चिरतात. ‘विरी’ या शब्दाचा अर्थ कोशापेक्षा तळहातालाच अधिक चांगला कळतो.

कृती संपली की शब्दही क्षीण होतात, हे जात्याच्या इतिहासावरून दिसते. पहाटेच्या दळणात आईसमवेत मुलगीही खुंटा धरी. वैरण घालण्याची रीत आणि ओवी ती एकाच वेळी शिके. पिठाच्या गिरण्या आल्यावर ही बैठक मोडली. हेमा रायरकर व गी पॉइटव्हाँ यांच्या पुढाकाराने एक लाखाहून अधिक ओव्या संगृहीत झाल्या. ओवी त्यामुळे वाचली. परंतु ती हातासरशी शिकण्याचा प्रसंग कोणताही संग्रह परत आणू शकत नाही.

तथापि या परंपरेचा गौरव करताना तिच्यातील विषमता झाकणे योग्य नव्हे. चुलीजवळचे शिक्षण प्रायः मुलींच्या वाट्यास आले, आणि अनेकींच्या बाबतीत ते शाळेच्या मोबदल्यात आले. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नयी तालीमने या विभागणीस निराळे उत्तर दिले. सेवाग्राम येथे स्वयंपाकघर हेच शिक्षणाचे साधन मानले गेले. तेथील कामात आहार, स्वच्छता व हिशेब यांचे पाठ गुंफले गेले, आणि मुलगेही त्यातून सुटले नाहीत.

शाळेत अन्न आले ते पुढे, निराळ्या हेतूने. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र शासनाची माध्यान्ह भोजन योजना सुरू झाली. २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शिजविलेले अन्न देणे बंधनकारक झाले. भूक व उपस्थिती यांच्या दृष्टीने ही मोठी प्राप्ती होय. परंतु या व्यवस्थेत मूल जेवणारे आहे, रांधणारे नाही. विस्तवाचा धोका पाहता ते युक्तही आहे. मात्र निवडणे, मोजणे, पाखडणे या विस्तवापूर्वीच्या पायऱ्या मुलगा-मुलगी असा भेद न करता घरी सहज शिकविता येतात. परंपरेतील ज्ञान राखून तिच्यातील अन्याय टाळण्याचा मार्ग येथूनच सुरू होतो.