उटणे

अभ्यंगानंतर व स्नानापूर्वी अंगास चोळावयाचे चूर्ण. संस्कृत ‘उद्वर्तन’ या शब्दापासून मराठी ‘उटणे’ आणि हिंदी ‘उबटन’ ही रूपे आली. आज ते सुगंधी प्रसाधन म्हणून परिचित असले, तरी मुळात ते अंग स्वच्छ करण्याचे साधन होते. साबण प्रचारात येण्यापूर्वी अंगावरील तेल व मळ काढण्याचे काम धान्याचे पीठच करीत असे. सुगंध हा त्याचा दुय्यम भाग होय.

सुश्रुतसंहितेत उद्वर्तन, उद्घर्षण व उत्सादन असे भिन्न शब्द योजिले आहेत. टीकाकारांच्या मते कोरड्या चूर्णाने घासणे ते उद्घर्षण, तर स्निग्ध कल्काने चोळणे ते उत्सादन. खाज व गांधी यांवर विटेने अंग घासण्याचा उपायही तेथे सांगितला आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात उद्वर्तनाचा अंतर्भाव दिनचर्येत केला असून त्यामुळे कफ व मेद कमी होतात, अवयव दृढ होतात आणि त्वचा उजळते, असे म्हटले आहे. कामसूत्रात नागरकाने स्नान रोज, उत्सादन एक दिवसाआड व फेनकाचा (फेस येणाऱ्या द्रव्याचा) वापर दर तिसऱ्या दिवशी करावा, असा क्रम दिला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लासात ‘स्नानभोग’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. विदर्भात रिद्धपूर येथे सिद्ध झालेल्या लीळाचरित्रातही चक्रधरांच्या दिनक्रमात मर्दना व मादने (स्नान) यांचे उल्लेख वारंवार येतात. म्हणजे ही प्रथा केवळ सणासुदीची नव्हती.

उटण्याचा मुख्य भाग मसुरीचे किंवा हरभऱ्याच्या डाळीचे पीठ हा होय. पिठातील स्टार्च व प्रथिने तेल शोषून घेतात, कडधान्यांतील अल्पशी सॅपोनिने मळ सुटण्यास साहाय्य करतात आणि कणांच्या घर्षणाने त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरातील मृत कोशिका निघून जातात. आधी तेल लावण्याचे कारणही हेच. कोरड्या त्वचेवर हे घर्षण सोसत नाही. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, गव्हला, कचोरा, चंदन ही द्रव्ये वर्ण व गंध यांसाठी मिसळतात.

नागपूर भागात यांत संत्र्याच्या सालीची भर पडली. ती प्राचीन असल्याचे पुष्कळदा सांगितले जाते, पण ते खरे मानता येत नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळात, अठराव्या शतकात, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) भागातून संत्र्याची कलमे येथे आली असे मानले जाते. त्यापूर्वी येथील उटण्यात ती साल असणे शक्य नाही. नागपुरी संत्र्यास २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शहराच्या पूर्वेकडील कळमना येथे कृषी उत्पन्न बाजार समितीचे विस्तीर्ण आवार असून तेथे संत्र्यांबरोबरच कडधान्येही विक्रीस येतात. उटण्याचे पीठ व साल ही दोन्ही अशा रीतीने एकाच आवारात उतरतात. आंबिया बहराची फळे साधारणतः ऑक्टोबरपासून, तर मृग बहराची फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. त्यामुळे दिवाळीच्या उटण्यासाठी आधीच्या मृग बहराची साल वैदर्भीय उन्हाळ्यात वाळवून ठेवणे सोयीचे ठरते. सालीतील तैलग्रंथींत लिमोनीन हे मुख्य द्रव्य असते. ते हवेशी दीर्घकाळ संपर्कात राहिल्यास त्याचे ऑक्सिडीभवन होऊन काहींच्या त्वचेस अपायकारक द्रव्ये बनतात. म्हणून जुनी, उघडी राहिलेली साल वापरू नये. दूरच्या बाजारपेठांसाठी फळांवर मेणाचा लेप देतात. अशा फळांची सालही वर्ज्य समजावी.

पहिल्या महायुद्धाच्या काळात म्हैसूर संस्थानाचा साबण कारखाना निघाला आणि त्याच सुमारास गोदरेज कंपनीने प्राणिज चरबीऐवजी वनस्पतिज तेलांचा साबण बाजारात आणला. चरबीमुळे साबणाविषयी असलेला सोवळ्याओवळ्याचा संकोच त्यामुळे कमी झाला. पुढे उटणे दैनंदिन स्नानातून हटले व नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान, लग्नातील हळद आणि तान्ह्या बाळाचे न्हाणे एवढ्यापुरते उरले. दिवाळीत पुड्यांतून मिळणाऱ्या तयार उटण्यात गंध पुष्कळ व पीठ थोडे असते, तेव्हा ते आपले मूळ काम करू शकत नाही.

घरी करावयाचे झाल्यास मसुरीचे पीठ चार भाग, सालीचे चूर्ण एक भाग, आंबेहळद व नागरमोथा प्रत्येकी पाव भाग घेऊन मिश्रण वस्त्रगाळ करावे. भरड चूर्ण अधिक गुणकारी असते हा समज चुकीचा आहे; त्याने त्वचेस ओरखडे पडतात. बावची घालण्याची काही ठिकाणी रीत आहे, परंतु तिच्यातील सोरालेनामुळे उन्हात त्वचा भाजल्यासारखी होते. चूर्ण दुधात किंवा पाण्यात कालवून आधी कोपराच्या आतील बाजूस लावून पाहावे, आग न झाल्यास अंगास चोळावे. कोरडे चूर्ण झाकणबंद बरणीत काही महिने टिकते. कालवलेले त्याच वेळी संपवावे.