टिपणाची साक्ष

गोंदियाच्या भातगिरणीत काट्यावर धान चढले की वजन तत्क्षणी लिहिले जाते. सायंकाळी आठवून मांडलेला आकडा शेतकरी मानीत नाही, गिरणीवालाही मानीत नाही. मोबाइल वा संगणक यांच्या तपासाला आपण हाच न्याय लावला पाहिजे.

तपासाची रोजनिशी ठेवण्याचे बंधन पोलिसांवर १८९८ च्या फौजदारी संहितेतही होते. पुढे यंत्रे आली, तरी साक्षीचे ओझे माणसावरच राहिले. जालन्याचा खटला पाहा. २०१४ ची तेथील विधानसभा निवडणूक २९६ मतांनी जिंकली गेली. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आले की नंतर, हा मुख्य वाद. कचेरीतील चित्रफीत होती. पण तिचे प्रमाणपत्र मागूनही मिळेना. अखेर अधिकाऱ्याच्या उलटतपासणीचा आधार घ्यावा लागला. उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी तो निर्णय कायम केला. मात्र असे प्रमाणपत्र एरवी अनिवार्यच, असेही बजावले.

१ जुलै २०२४ पासूनच्या नव्या साक्ष्य अधिनियमात प्रमाणपत्रावर 'हॅश' हा अंकठसाही द्यावा लागतो. एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. परंतु वस्तू कोणी, कोठून, किती वाजता घेतली, यंत्राचे घड्याळ किती मागे होते, हे ठसा सांगत नाही. ते त्याच वेळी, पानांवर क्रमांक घालून लिहावे. चूक झाल्यास एक रेघ मारून सही करावी, खाडाखोड नको.

ज्याच्या घरातून मोबाइल जप्त होतो, त्याची अब्रू त्या चार ओळींवर अवलंबून असते. फिर्यादीचा न्यायही तेथेच असतो.