हिमनगापुढील मोडकी डोलकाठी

निसर्गाची भव्यता मोजावी कशाने? अमेरिकन चित्रकार फ्रेडरिक चर्च १८५९ साली न्यूफाउंडलंड व लॅब्राडोरच्या किनाऱ्याला गेला आणि तरंगते हिमनग त्याने जवळून रेखाटले. त्यांवरून रंगविलेले प्रचंड चित्र १८६१ साली न्यूयॉर्कला मांडले गेले. त्यात बर्फ, पाणी व प्रकाश होता. माणसाची खूणही नव्हती. त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. १८६३ साली लंडनला ते दाखविण्यापूर्वी चर्चने पुढच्या बर्फावर एक मोडकी डोलकाठी रंगविली. १८४५ साली आर्क्टिककडे निघालेली फ्रँकलिनची जहाजे परतली नव्हती. ते दुःख लंडनकर विसरले नव्हते. त्या एका लाकडाने चित्राचा भावच पालटला. हिमनग होते तेवढेच राहिले. त्यांच्यापुढे माणूस केवढा, हे मात्र आता दिसू लागले. भव्यता निसर्गाची खरी; पण तिचे माप माणूसच!